धामण मारायची नाही हे पटलं, पण भीतीचं काय करू?

प्रश्न पाठवला आहे कृष्णाकाठच्या एका ताईंनी. शहरात वाढलेल्या, लग्नानंतर मळ्यातल्या घरात राहायला आल्या. भोवती ऊस, मागे गोठा आणि कडब्याची गंज. त्या गंजीच्या आसपास एक लांबलचक धामण, म्हणजे बिनविषारी साप, वरचेवर दिसते. सासरे म्हणतात, "मारायची न्हाई, उंदरं खाती, घरची राखण हाय ती." ताईंचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि रात्री न्हाणीकडं जायचं म्हटलं तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: साप खरंच इतके उपयोगी असतात का, भीती कशी घालवायची, आणि सर्पमित्राला बोलावून ही धामण लांब सोडून द्यायला सांगावी का.

ताई, सासऱ्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण ते कितीही पटलं तरी तुमची भीती त्यानं जाणार नाही. 'साप शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं आणि त्याच शाळेच्या आवारात साप निघाला की आधी काठी शोधली जाते. तेव्हा उपयोगाचं वेगळं बोलू, भीतीचं वेगळं.

मित्र हा शब्दच मला फारसा पटत नाही. साप कुणाचा मित्र नसतो, कुणाचा वैरीही नसतो. डूख धरायला लागणारी स्मरणशक्ती त्याच्याकडं नाही, आणि तुमच्या उसाची काळजीही त्याला नाही. त्याला भूक लागते आणि उंदीर त्याचं खाणं आहे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण एवढ्यानंही पुष्कळ होतं, आणि ते का होतं हे समजून घेण्यासारखं आहे.

उंदीर खाणारे कमी नाहीत. घुबड, पिंगळा, कापशी घार, मुंगूस, खोकड, रानमांजर. पण हे सगळे बहुतेक वेळा उंदीर बिळाबाहेर यायची वाट बघतात. उसात तर उंदीर बाहेर आला तरी वर पाल्याचं छप्पर आणि खाली पाचटाचा थर. आभाळातून बघणाऱ्याला तो दिसायचा कसा? साप थेट बिळात शिरतो. त्याचं अंगच त्या भोकाच्या मापाचं आहे. उंदराची मादी तीनेक आठवड्यांत विते, एका वेताला पाच-दहा पिल्लं होतात आणि तीही दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. त्यामुळं बांधावर पळणारा एक थोराड उंदीर मेल्यानं जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा बिळातली डोळे न उघडलेली सगळी पिल्लं एका बैठकीत संपल्यानं कितीतरी जास्त पडतो. धामण हे काम दिवसाढवळ्या करते. नाग संध्याकाळकडं निघतो, घोणस रात्री दबा धरून बसते, मांडूळ मऊ मातीतून बिळाकडं सरकतं. म्हणजे उंदरामागं चोवीस तास कुणी ना कुणी असतंच.

उंदीर उसाची बुडातली कांडी कुरतडतो. वरून ऊस हिरवागार दिसतो, मग वारा आला की लोळतो, कुरतडल्या जागी सडतो. धान्याचं तर विचारू नका. कोकणात कातकरी मंडळी भातकापणीनंतर शेतात उंदरांची बिळं खणतात, तेव्हा आत साठवलेल्या भाताच्या लोंब्या हाताला लागतात. जो शेतकरी धामण दिसली की मारतो, त्यानं ते खणणं एकदा उभं राहून बघावं. शिवाय लेप्टो हा जंतूंचा ताप आहेच. उंदराच्या मुतातून तो पाण्यात उतरतो आणि भेगाळलेल्या पायांतून माणसात शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण एकाएकी वाढले होते, ते अनेकांना आठवत असेल.

"मग औषध टाकू की," असं लोक म्हणतात. टाका, पण त्याचं पुढं काय होतं तेही बघा. विषारी आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि पिंगळा, मांजर, साप यांना आयता सापडतो. काही औषधं खाणाऱ्याच्याही पोटात जाऊन आपलं काम करतात. मग उंदीरही मेले आणि त्यांना खाणारेही. उरलेले उंदीर तीन आठवड्यांत वितात, धामण वर्षातून बहुधा एकदाच अंडी घालते. शर्यत कोण जिंकणार हे सांगायला नको.

बाकीच्या सापांचं थोडक्यात सांगतो. घरात शिरणारा कवड्या पाली खातो. गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खातो. दिवड बेडूक-मासे खाते. नाग आणि मण्यार दुसरे सापही खातात, मण्यार तर मुख्यतः तेच. आणि या सगळ्यांना खाणारे वर बसलेले आहेत: सर्पगरुड, मोर, मुंगूस, घोरपड. साप काढून घेतला तर खालचं वाढतं आणि वरचं उपाशी मरतं. आणखी एक गंमत. कोकणातल्या कातळावर ज्या फुरशाला दगडानं ठेचतात, त्या जातीच्या विषातल्या एका प्रथिनावरून टिरोफिबान हे औषध तयार झालं. हृदयविकारात रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी ते देतात. अर्थात फुरसं अंगणात निघालेल्या माणसाला हे सांगून काही उपयोग नसतो, हे मला माहीत आहे.

आता सासऱ्यांच्या 'घरची राखण' या शब्दांवर माझी हरकत. शेतात साप हवा, घरात नको. घरात आणि पडवीत उंदीर असले की धामण येते, तशीच त्याच वासावर घोणस येते, नागही येतो. उंदीर धामणीची वाट बघत बसत नाहीत, आणि घोणस धामणीला विचारून येत नाही. घरातले उंदीर हटवणं हे तुमचंच काम आहे, ते सापावर सोपवू नका. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कोंबड्यांचं खुराडं घराला चिकटून नको. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, अंड्यांवर नाग येतो. सरपण, गोवऱ्यांचा हुडवा, जुन्या विटा, पाइपांची भेंडोळी हे सगळं घरापासून वीस-तीस फूट लांब. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी आणि दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, ही दोन कामं या आठवड्यात करून घ्या. दोनशे-चारशे रुपयांचं काम आहे. फिनेल, लसूण, गंधक, रॉकेल यांच्या रेघा मारून साप अडत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

आता भीती.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 'साप घाबरट असतो, काही करत नाही' असं हसत हसत सांगणाऱ्यांचा मला राग येतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, बहुतेक खेड्यांतले आणि चौथ्या हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केला. हे आकडे तुम्हाला घाबरवायला देत नाही. भीतीला कारण आहे एवढंच सांगतो. फक्त ती आत्ता सगळीकडं सांडलेली आहे. गंजीतल्या धामणीवर तुम्ही ती खर्च करताय आणि जिथं खरंच जपायला हवं तिथं कदाचित बिनघोर असाल.

जपायचं कुणाला? महाराष्ट्रात सापांच्या पन्नासावर जाती आहेत. माणसं मरतात ती मुख्यतः चौघांमुळं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तुमच्या काळ्या मातीत आणि उसात फुरसं क्वचित. ते मुरमाड माळावर, कातळावर, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडं जास्त. म्हणजे तुम्हाला ओळखायचे तीन.

नागाला बहुतेक सगळे ओळखतात. तो फणा काढून स्वतःच सांगतो, म्हणून तिघांत मी त्याला त्यातल्या त्यात सोपा मानतो.

घोणस अवघड. जाड, आखूड शेपटीची, अंगावर लंबगोल गडद ठिपक्यांच्या तीन रांगा. ती पळत नाही, पाचटात तशीच पडून राहते, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात किंवा निरुपद्रवी डुरक्या घोणस समजून हातात घेतात, आणि ते फार महागात पडतं. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपटी बोथट. पण तुम्ही हा फरक घोकत बसू नका. जाडजूड, ठिपक्यांचा, न हलणारा साप म्हणजे घोणस असं धरून मागं सरका. चूक झाली तर काही बिघडत नाही. घोणस थेट पिल्लं घालते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. मे ते जुलैच्या आसपास ती सगळीकडं पांगतात आणि वीतभर लांबीचं पिल्लूही विषारीच असतं.

तिसरी मण्यार, आणि मला विचाराल तर तिच्यासाठीच खरं जपायला हवं. काळीनिळी चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीनं. ते मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होत जातात. कवड्यालाही पट्टे असतात, पण तो तपकिरी, आणि त्याचे पट्टे मानेपाशी ठळक, शेपटीकडं विरत जाणारे. मण्यार दिवसा लपून असते, डिवचली तरी डोकं वेटोळ्यात खुपसते. रात्री मात्र घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत पोचते. माणूस झोपेत कूस बदलतो, हात तिच्यावर पडतो आणि ती चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखतंय म्हणून, घसा आवळतोय म्हणून. घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि श्वास बंद पडू लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला पहाटे अचानक असं काही झालं तर ते अपचन न समजता मण्यार समजून दवाखाना गाठायचा.

यावर उपाय अगदी साधा आहे. खाट आणि मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं होतं. तुमच्या मुलासाठी आजपासून हेच करा. रात्री न्हाणीकडं जाताना बॅटरी पायापुढं धरा, चप्पल घाला, घालण्याआधी ती उलटी करून झाडा. मालक रात्री दारं धरायला जात असतील तर त्यांना गमबूट आणि डोक्याला लावायची बॅटरी घेऊन द्या. शेतीपंपाला रात्रीची लाईट मिळते म्हणून शेतकरी मध्यरात्री अनवाणी पाण्यात उभा राहतो, आणि सर्पदंशाबद्दल बोलताना हे कुणी फारसं बोलत नाही. सापाइतकाच त्या वेळापत्रकाचाही हात आहे यात.

एवढं केलंत की भीतीला एक ठिकाण मिळतं: कुठं, कधी, कुणापासून. बाकीचा वेळ मोकळा. तरीही अंगावर काटा येतच राहील, त्यासाठी पायरीपायरीनं जायचं. पहिले काही दिवस फक्त चांगले फोटो बघा, धामण, कवड्या, दिवड, नानेटी यांचे. व्हिडिओ नकोत, विशेषतः नाग हातात घेऊन नाचणाऱ्यांचे तर मुळीच नकोत. अशा खेळांत कित्येक धडधाकट सर्पमित्र गेलेत. फोटो बघून छातीची धडधड थांबेपर्यंत पुढची पायरी नाही. मग पुण्याला जाल तेव्हा कात्रजच्या सर्पोद्यानात जा आणि काचेपलीकडच्या एकाच सापापुढं दहा-पंधरा मिनिटं थांबा. सगळे बघून पळायचं नाही. भीती वर चढते, थोडा वेळ तिथंच राहते आणि आपोआप उतरते. ती उतरेपर्यंत तुम्ही तिथं असलं पाहिजे. पळालात तर भीतीच खरी ठरते. तिसरी पायरी तुमच्या गंजीतच आहे. दुपारी ती धामण बाहेर आली की पंधरा फुटांवरून बघा. साप स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका, फार तर निम्म्याइतका झेपावतो. सात फुटी धामणीपासून पंधरा फुटांवर तुम्हाला काहीच होऊ शकत नाही. ती दुभाजलेली जीभ बाहेर काढते, तेव्हा डंख मारत नसते, हवेतला वास गोळा करून टाळूतल्या इंद्रियाकडं नेत असते. तुमच्या पावलांचा हादरा तिला जमिनीतून कळतो. बहुतेकदा तुम्हाला ती दिसण्याआधी तुम्ही तिला कळलेल्या असता, आणि ती निघूनही गेलेली असते.

मुलाबद्दल एक सांगतो. सुसान मिनेका या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. घाबरणारं रानातलं माकड सापाला कसं बिचकतं हे त्यांनी पाहिलं, आणि थोडक्या वेळात तीही घाबरू लागली. तुमचा मुलगा साप बघत नाही, साप बघताना तुमचा चेहरा बघतो. किंचाळू नका, पण "काही होत नाही" असंही म्हणू नका. "साप आहे, थांबायचं, मागं सरकायचं, मोठ्या माणसाला हाक मारायची," हे चार शब्द खेळासारखे त्याच्याकडून करून घ्या. हात लावायचा नाही हा नियम धामणीलाही लागू. चार वर्षांच्या पोराला धामण आणि नाग यांतला फरक शिकवू नये.

आणि दंश झालाच तर काय करायचं हे आधी ठरलेलं असू द्या. अर्धी धास्ती त्यानंच कमी होते. चावलेला हात-पाय न हलवता, फळी बांधून स्थिर ठेवायचा. आवळपट्टी नको, ब्लेड नको, चोखणं नको. अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे. १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं थेट दवाखाना. साप मारून पिशवीतून न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चौघांवर एकच आहे, आणि डॉक्टर लक्षणांवरून आणि काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते बघून ठरवतात. लहान मुलाला प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, हे ऐकून घाबरू नका. डोस विषाच्या मापानं असतो, वजनाच्या नाही. तुमच्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र आहे का, हे आजच जाऊन विचारा. रात्री दोन वाजता विचारायची ती गोष्ट नाही. देवळात किंवा मांत्रिकाकडं नेऊन बरी झालेली माणसं गावागावांत सांगितली जातात. बहुतेकांना बिनविषारी साप चावलेला असतो किंवा विषारी सापानं विष सोडलेलंच नसतं. ज्यांना सोडलं होतं ते सांगायला उरत नाहीत.

हे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळतं आणि त्यासाठी जिवंत सापांचं विष लागतं. देशात ते मोठ्या प्रमाणात येतं तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून. संस्था १९७८ ची, तिथले लोक साप पकडून, विष काढून पुन्हा रानात सोडतात. त्यांच्यातल्या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडं हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

आता तिसरा प्रश्न. धामण लांब सोडायला सांगू नका. तिला आपल्या भागातली बिळं, पाणी, आडोसे माहीत असतात. अनोळखी रानात सोडलेला साप ते शोधत फिरतो, रस्ते ओलांडतो, चिरडला जातो. कर्नाटकात आगुंब्याला नागराजांच्या, म्हणजे किंग कोब्रांच्या, अंगात ट्रान्समीटर बसवून पाहिलं, तेव्हा दूर नेऊन सोडलेला नर वेड्यासारखा भटकत राहिल्याचं दिसलं होतं. आणि तुमच्या गंजीत उंदीर आहेत तोवर रिकामी जागा दुसरा कोणतातरी साप घेईल. तो धामणच असेल याची हमी मी देऊ शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं धामण मारणं तर गुन्हा आहेच, विनापरवाना पकडून नेणंही गुन्हाच आहे.

सर्पमित्राला बोलवा, पण साप घरात शिरला असेल तेव्हा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. सर्पमित्र येईपर्यंत एकानं लांबून सापावर नजर ठेवायची, कारण साप कुठं गेला हेच कळलं नाही तर रात्र जागून काढावी लागते. आलेला माणूस आकडा आणि पाईप-पिशवी न वापरता हातानं शेपटी धरून फोटो काढू लागला, तर त्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

गंज मात्र घरामागून हलवून घ्या, उन्हाळा संपायच्या आत. सकाळी उन्हं आल्यावर, लांब काठीनं आधी हलवून, वरून एकेक पेंढी काढत. खाली अंडी निघाली तर ती उलटीसुलटी न करता जागीच झाका आणि तेवढा कोपरा पावसाळाभर तसाच राहू द्या.